लांडगा, वाघर आणि खेळातला एकटा माणूस

मित्रहो, आजचा विषय तरुण मंडळींनी सुचवलेला आहे. 'द लाँग डार्क' नावाचा एक व्हिडिओ गेम आहे. हिंटरलँड या कॅनडातल्या कंपनीचा हा गेम २०१७ साली पूर्ण रूपात बाहेर आला. विमान कोसळलेलं, वीज बंद, सगळीकडे बर्फ, आणि त्यात एकटा माणूस. थंडी, भूक आणि लांडगे यांच्यापासून त्याने जगून दाखवायचं, एवढाच खेळ. इतिहासाच्या व्याख्यानात हे कशाला, असं काहींना वाटेल. पण त्यातले नियम नीट बघा, म्हणजे आपल्याच घाटातली एक जुनी गोष्ट हाती लागते.

पिशवीत कच्चं मांस असेल तर त्याच्या वासावर लांडगा मागे येतो. म्हणून वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि वाट बदलायची. तरी जवळ आलाच तर मशाल पेटवायची, दगड भिरकवायचा. तेही जमलं नाही तर मांसाचा तुकडा टाकून आपण निसटायचं. आणि अगदीच अंगावर आला तर झुंज. झुंजीत जिंकलात तरी कपडे फाटतात, रक्त वाहतं, आणि पट्टी नसेल तर थोड्या वेळाने तुम्ही संपता. थोडक्यात क्रम असा : टाळणं, भिवडवणं, थोडं देऊन सुटणं, आणि सर्वांत शेवटी लढणं.

हाच क्रम आपल्या धनगरांनी शतकानुशतकं पाळला आहे. आता कर्जत म्हटलं की दोन कर्जतं आठवतात. एक आपलं, घाटाखालचं. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, माळरानाचं, जिथे रेहेकुरीचं काळविटांचं अभयारण्य आहे. भारतीय लांडगा हा त्या दुसऱ्या कर्जताचा रहिवासी. उघडं माळ, खुरटी झुडपं, कमी पाऊस हे त्याचं घर. आपल्याकडचा धो धो पाऊस आणि दाट रान त्याला मानवत नाही. इथे भीती बिबट्याची.

पण या दोन मुलखांना जोडणारा माणूस होता, तो धनगर. मेंढीला कोकणचा पावसाळा सोसत नाही. म्हणून पावसाळा देशावर काढायचा आणि दिवाळीच्या सुमारास, भातकापणी झाली की, कितीतरी कळपांनी घाट उतरून खाली यायचं. शेतकरी रिकाम्या खाचरांत मेंढ्या बसवून घेई. शेताला लेंडीखत मिळे, धनगराला धान्य किंवा पैसे. घाटवाटा या माणसांना किती ठाऊक होत्या, याची साक्ष आपल्या खालापूर तालुक्यातच आहे. बोरघाटातलं शिंग्रोबाचं मंदिर आपण सर्वांनी पाहिलं आहे. इंग्रजांना घाटातून वाट दाखवणारा तो धनगर, आणि वाट सापडल्यावर त्यालाच मारलं, अशी लोककथा आहे. कथेचा कागदोपत्री पुरावा हा प्रश्न वेगळा. पण वाटेचं ज्ञान कोणाकडे होतं, याबद्दल लोकस्मृतीला शंका नाही.

धनगरांच्या वाड्यावर रात्री काय चालतं? मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण. कोकरं वेगळी, माणसांजवळ. कडेला कुत्री. मध्ये जाळ. चाहूल लागली की आरडाओरडा, आणि हातात काठी. बायका, मुलं, म्हातारे सगळे त्या राखणीत असतात. लांडगा येतो तो बहुधा कोकरासाठी, माणसासाठी नव्हे. याला अपवाद आहेत, आणि ते भयंकर आहेत : १९९६ साली पूर्व उत्तर प्रदेशात आणि २०२४ साली बहराइचमध्ये लांडग्यांनी लहान मुलं उचलून नेली. त्या आईबापांना निसर्गप्रेमाचे धडे देण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण अपवादावरून सगळ्या जातीचा निवाडा करायचा का, हा प्रश्न उरतोच.

इंग्रजी राजवटीने तो निवाडा करून टाकला. लांडगा मारा, इनाम घ्या. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात सुमारे २ लाख लांडगे मारले गेले. टाळण्याची जुनी विद्या मागे पडली आणि निकाल लावण्याची पद्धत आली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने लांडग्याला संरक्षण दिलं, पण त्याच्या घराला दिलं नाही. माळरानाची नोंद 'पडीक' अशी होत राहिली, आणि पडीक जमिनीवर प्लॉट पाडायला कोणाचं मन कचरत नाही. आज देशभरात लांडगे उरले ते तीन हजारांच्या आसपास.

आता थोडं तत्त्वज्ञान. हॉब्ज या इंग्रज विचारवंताने १६४२ साली माणसाच्या परस्परसंबंधांसाठी लांडग्याचीच उपमा वापरली. ती मूळची रोमन नाटककार प्लॉटसची. प्रत्येक जण एकटा आणि प्रत्येकाला प्रत्येकाची भीती, असं ते चित्र. गेममधला माणूसही तसाच एकटा आहे. मांसाचा तुकडा टाकला तर नुकसान त्याचं, आणि सुटकाही त्याचीच. वाड्यावर असं नसतं. तिथे कोकरू गेलं तर एका कुटुंबाची कमाई जाते, आणि लांडगा जगल्याचं समाधान मात्र आपण, शहरातली माणसं, फुकट घेतो.

सरकार भरपाई देतं, हे खरं. पण ठराविक मुदतीत कळवा, पंचनामा करून घ्या, ही अट गावात घर असणाऱ्याला सोपी. ज्याचा तळ दोन दिवसांनी हलणार, त्याने कोणत्या कचेरीत जायचं? लांडगा वाचवायचा असेल तर आधी या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. कारण ज्या दिवशी धनगर मेंढरं विकून गाडीवर ड्रायव्हर होईल, त्या दिवशी माळरान राखायला कोणी उरणार नाही, आणि लांडग्याशी न लढता कसं जगायचं हे आपण फक्त गेममध्येच शिकू.

तेव्हा मंडळी, गेम जरूर खेळा. आणि दिवाळीनंतर आपल्या शेताच्या कडेला एखादा कळप दिसला, तर हॉर्न न वाजवता गाडी थांबवा. जमलं तर त्यांना एक रात्र शेतात बसू द्या. खत मिळेल, आणि विचारलंत तर लांडग्याबद्दल आमच्यापेक्षा अधिक ऐकायला मिळेल.