हजार पेट्यांचा जानेवारी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे एक लहान गाव आहे. उन्हाळ्यात शिकागोची धनिक मंडळी तिथल्या तळ्याकाठी हवा पालटायला येतात. हिवाळ्यात तळे गोठते आणि गाव गावकऱ्यांपुरते उरते. १९७४ सालच्या जानेवारीत, असल्याच थंडीत, या गावातले काही मित्र आणि त्यांच्या घरची माणसे पेट्यांवर लेबले चिकटवण्याच्या उद्योगात होती. पेट्या एकंदर १,०००. प्रत्येकीत तपकिरी आवरणाच्या तीन पुस्तिका, पृष्ठे अनुक्रमे ३६, ४० आणि ३६. किंमत १० डॉलर. पेटीत पट नाही, सोंगट्या नाहीत, फासेसुद्धा नाहीत. आणि तरी वर नाव खेळाचे: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. म्हणजे तळघरे आणि आग ओकणारे महासर्प. हे असले काही १० डॉलर देऊन कोण घेणार, असे कोणीही शहाण्या माणसाने विचारले असते. पुढच्या पन्नास वर्षांत कोट्यवधी लोक जे खेळले त्याचा जन्म असा हातांनी आणि डिंकाने झाला.

या उद्योगाचा म्होरक्या गॅरी गायगॅक्स. वय ३५, पदरी बायको आणि पाच मुले. बाप स्वित्झर्लंडहून आलेला, शिकागोच्या विख्यात वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारा. मुलाने मात्र शाळा अर्ध्यावर टाकली. आम्हां मास्तर मंडळींना हे वाक्य लिहिताना जरा अडखळायला होते, पण इलाज नाही. शाळेबाहेर त्याने जे वाचन केले ते शाळेतल्या कोणीही केले नसेल. रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर यांच्या तलवारींच्या आणि जादूटोण्याच्या कथा त्याने अक्षरशः फस्त केल्या होत्या. पोटासाठी तो शिकागोच्या एका विमा कंपनीत नोकरी करी. १९७० साली ती नोकरी गेली आणि गृहस्थ घराच्या तळघरात लोकांचे जोडे दुरुस्त करू लागला. जोडे शिवावेत आणि उरल्या वेळी टंकलेखन यंत्रावर खेळांचे नियम बडवावेत, असा त्याचा दिनक्रम झाला.

या नियमांची वंशावळ आपल्या घराशी येऊन पोहोचते. हिंदुस्थानातले चतुरंग इराणमार्गे युरोपात गेले, त्याचे बुद्धिबळ झाले. १७८० साली ब्रन्सविकच्या हेल्विग नावाच्या गृहस्थाने त्यावरून मोठ्या पटावरचा युद्धखेळ बनवला. १८२४ पर्यंत प्रशियाच्या सैन्यात राइस्विट्झचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी आला, त्यात निवाडा द्यायला पंच बसू लागला. एच. जी. वेल्सने १९१३ साली मुलाबाळांसाठी शिशाच्या सैनिकांच्या लढाईवर पुस्तक लिहिले. गायगॅक्स याच परंपरेतला. १९६८ साली त्याने ५० डॉलर भाडे भरून गावचे हॉर्टिकल्चरल हॉल घेतले आणि युद्धखेळवाल्यांचा मेळा भरवला. १९७१ साली जेफ पेरेनबरोबर मध्ययुगीन लढायांचे ‘चेनमेल’ हे पुस्तक काढले आणि त्याच्या पुरवणीत चेटके, राक्षस आणि ड्रॅगन घुसवले.

पण इथवर सोंगटी ती सोंगटीच होती. पटावर शंभर शिपाई, आणि खेळणारा त्यांच्या वर, आकाशातल्या देवासारखा. सोंगटीला सोंग दिले ते दुसऱ्यांनी. मिनिआपोलिसच्या बाजूला डेव्हिड वेसली याने १९६९ साली ‘ब्राऊनस्टाइन’ नावाचा खेळ मांडला. त्यात प्रत्येक खेळाडू एका प्रशियन गावातली एकेक व्यक्ती झाला. त्याच टोळक्यातला डेव्ह आर्नसन त्याच्या पुढे गेला. १९७१ पासून तो ‘ब्लॅकमूर’ नावाच्या कल्पित मुलखात, किल्ल्याखालच्या भुयारांत, आपल्या मित्रांना फिरवू लागला. एक खेळाडू म्हणजे एक माणूस. तो जगला तर पुढच्या खेपेला अधिक अनुभवी, अधिक बळकट होऊन येणार. मेला तर संपला. समोर काय दिसते ते पंच सांगणार, काय करायचे ते खेळाडू बोलून दाखवणार. हरणे-जिंकणे नाही, शेवट नाही. आपल्याकडे आजी गोष्ट सांगते आणि नातवंडे मध्येच “मग मी तलवार काढली!” म्हणून ओरडतात, त्यातला प्रकार; फक्त इथे तलवार लागली की नाही हे फासा ठरवतो.

१९७२ च्या अखेरीस आर्नसन पाचशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून लेक जिनीव्हाला आला आणि त्याने गायगॅक्सला ब्लॅकमूरच्या भुयारात नेले. गायगॅक्स त्यातून बाहेर आलाच नाही म्हणायला हरकत नाही. त्याने आर्नसनकडे नियम मागितले. आली ती सुमारे २० पानांची टिपणे. आर्नसनचे नियम डोक्यात होते, कागदावर नव्हते. गायगॅक्सने काही आठवड्यांत ५० पाने टंकून काढली. पुढच्या वर्षात ती १५० च्या घरात गेली. एकीकडे ग्रेहॉक नावाचा किल्ला रेखून त्याच्या भुयारांत त्याने आपला मुलगा अर्नी आणि मुलगी एलिस यांना पहिल्यांदा सोडले. नंतर मित्रांची रीघ लागली.

प्रकाशक मात्र मिळेना. ‘ॲव्हलॉन हिल’ या नामांकित खेळकंपनीने नकार दिला. तेव्हा बालमित्र डॉन के पुढे आला. त्याने आपल्या विम्याच्या पॉलिसीवर १,००० डॉलर कर्ज काढले आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये दोघांनी ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही भागीदारी सुरू केली. नाव एखाद्या लष्करी संस्थेचे, कचेरी डॉन केच्या घरातली जेवणाची खोली. हातातले पैसे पेट्या छापायला अपुरे पडत होते, म्हणून आधी इंग्लंडच्या यादवी युद्धावरची एक स्वस्त पुस्तिका काढून पाहिली. तिने फारसे काही दिले नाही. प्रस्तावनेवर गायगॅक्सने १ नोव्हेंबर १९७३ ही तारीख घातली, पण पुस्तक छापायचे कशाने? डिसेंबरात ब्रायन ब्लूम नावाचा तरुण २,००० डॉलर घेऊन भागीदार झाला आणि गाडे हलले.

मग तो जानेवारी. गावातल्याच छापखान्यातून पुस्तिका आल्या. त्या पेट्यांत भरणे, लेबले लावणे, युद्धखेळवाल्यांच्या छोट्या पत्रकांतून जाहिरात करणे, ओळखीपाळखीच्यांना पत्रे लिहिणे, हे सगळे तीन भागीदारांनी आणि घरच्यांनी करायचे. गायगॅक्सचे जोडे दुरुस्त करणे चालूच होते, कारण सात माणसांचे पोट भुयारातल्या कल्पित सोन्यावर भरत नाही. महिन्याचा शेवटचा रविवार, २७ तारीख, त्याने खेळासाठी घर मोकळे ठेवले: दुपारी या आणि खेळून पाहा, असे निमंत्रणच धाडले होते. खेळ कागदावर वाचून कोणाला कळणार नाही हे त्याला पुरते ठाऊक असावे.

आणि खरोखर कळतही नव्हता. त्या पुस्तिका मी चिकाटीने वाचल्या आहेत. नवख्याने त्यांच्यावरून खेळ मांडणे म्हणजे लग्नाच्या याद्यांवरून लग्न लावण्यासारखे आहे. एका मोहिमेत ४ ते ५० खेळाडू चालतील, असे बेधडक लिहिले आहे! खेळासाठी लागणाऱ्या सामानाच्या यादीत ‘चेनमेल’ आहे, दुसऱ्याच कंपनीचा एक पट आहे, चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे आहेत, आलेखाचा कागद आहे, आणि त्याच यादीत एक नग सहनशील पंच आहे. शाळेच्या वर्षारंभीच्या सामानाच्या यादीत ही बाब घालण्याचे आजवर कोणाला का सुचले नाही, कोण जाणे.

त्या पेटीवर गायगॅक्स आणि आर्नसन ही दोन नावे शेजारी शेजारी छापली होती. पुढे खेळाची मोठी, सुधारलेली पुस्तके निघाली, त्यांवर एकट्या गायगॅक्सचे नाव आले. मानधनावरून आर्नसनने १९७९ साली दावा लावला. १९८१ साली तो आपसात मिटला. खेळ कोणाचा, हा वाद आजही रंगतो. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस, म्हणून माझा कौल कोणाला एकांगी वाटेल. पण नुसते बीज ज्याच्याकडे आहे असे दहा जण भेटतात, आणि रात्र रात्र जागून पाने भरणारा एखादाच. गायगॅक्स नसता तर ब्लॅकमूर दहाबारा मित्रांबरोबर विरून गेले असते. मात्र म्हणून पुढच्या पुस्तकांवरून आर्नसनचे नाव पुसले जाणे मला पटत नाही. ती २० पाने आली नसती तर १५० कशाची झाली असती?

हजार पेट्या वर्षाच्या आत संपल्या. आणखी हजार छापायला टाकल्या. आणि ३१ जानेवारी १९७५ रोजी, पेट्या भरल्याला जेमतेम वर्ष होते न होते तोच, डॉन के हृदयविकाराने वारला. वय अवघे ३६. त्याचा हिस्सा विकत घेण्याएवढा पैसा गायगॅक्सपाशी नव्हता. तो ब्लूमच्या घरून आला, आणि कंपनीत गायगॅक्सचे पारडे हलके झाले. १९८५ साली त्याच्या हातून तिचा ताबा गेला तो या वाटेने.

डॉन केच्या मृत्यूनंतर जेवणाच्या खोलीतली कचेरी उचलावी लागली. खोके, पुस्तिका, पत्रव्यवहार सगळे गायगॅक्सच्या घरी आणले आणि तळघरात ठेवले, जिथे जोडे दुरुस्त होत असत.