बाकल्यावरील परोपजीवी तण : भूमिगत वाढीच्या प्रतिमानांचा इतिहास

भूमध्य सागराभोवतीच्या देशांत बाकला या शेंगवर्गीय पिकावर ऑरोबँकी क्रेनाटा हे मूळपरोपजीवी तण वाढते. आपल्याकडील ज्वारीवरच्या टारफुल्याप्रमाणे तेही यजमानाच्या मुळांना चिकटते. मात्र त्यात हरितद्रव्य मुळीच नसते. कोंब जमिनीवर दिसेपर्यंत पिकाचे बहुतांश नुकसान होऊन गेलेले असते. त्यामुळे कोंब मोजण्याच्या जुन्या पद्धतीतून झालेली हानीच तेवढी कळे.

सीरियात अलेप्पोजवळील तेल हद्या येथे इकार्डाच्या प्रक्षेत्रावर झालेल्या प्रयोगांच्या आधारे मंशादी, सॉअरबोर्न व श्ट्युट्झेल यांनी 2001 मध्ये जमिनीतील बीजसाठा व हवामानघटक यांचा प्रादुर्भावाशी असलेला संबंध संख्यात्मक रीतीने मांडला. ग्रेन्झ व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एपसिम या ऑस्ट्रेलियन पीक-प्रतिमानाचा त्यासाठी उपयोग केला. पेरणी लांबवल्यास प्रादुर्भाव घटतो, पण पिकाचा वाढीचा काळही आखडतो. ही तडजोड शेतकरी अंदाजानेच करीत आला. प्रतिमानाचे खरे मोल, प्रस्तुत लेखकाच्या मते, तिची किंमत आकड्यांत दाखविण्यात आहे. परंतु तणाच्या एका झाडापासून लाखाहून अधिक बिया पडू शकतात व त्या वर्षानुवर्षे जिवंत राहतात. म्हणून एका हंगामाच्या हिशेबाला बीजसाठ्याचे दीर्घकालीन गणित जोडावे लागले.