१३३ अंशांचे दोन दावेदार

स्ट्रासबर्ग, १९०८चा हिवाळा. शहर आज फ्रान्समध्ये असलं, तरी तुम्ही उभे आहात ते जर्मन साम्राज्यात. विद्यापीठालाही कैसर विल्हेल्मचंच नाव आहे. रसायनशाळेत शिरताच गॅसचा आणि आम्लाचा वास एकदम नाकात जातो. इथले प्राध्यापक योहानेस थिले. गेल्या वर्षापर्यंत हेर्मान श्टाउडिंगर नावाचा तरुण त्यांच्या हाताखाली होता. त्याला नोबेल मिळणार आहे १९५३ साली, पण इथे कुणाला सांगत बसू नका. तुम्हाला काम आहे.

काम म्हणजे एक कुपी. आम्लाच्या वाफांनी तिच्यावरचं लेबल खाल्लंय. आत पांढरे स्फटिक. सहायक म्हणतो, "युरिया तरी आहे, नाहीतर सिनॅमिक आम्ल. वितळवून सांगा."

चिमूटभर पाण्यात टाकली तर निकाल लगेच लागेल: युरिया सहज विरघळतो, सिनॅमिक आम्ल जवळजवळ नाहीच. हे तुम्हाला माहीत आहे, त्यालाही. पण आज पाण्याला बंदी.

मग बसा ज्योतीपाशी. काचेची नळी फिरवत मऊ करा, ज्योतीबाहेर काढून दोन्ही हातांनी ओढा आणि त्या बारीक कॅपिलरीचं एक टोक ज्योतीत धरून बंद करा. स्फटिकांची पूड करा, उघडं टोक पुडीत टोचा. पूड तोंडाशीच अडते. कॅपिलरी उलटी करून उभ्या धरलेल्या लांब काचनळीतून टेबलावर सोडा. टक्. पुन्हा टक्. तळाशी दोन-तीन मिलिमीटरचा घट्ट थर बसला की पुरे. जास्त भरलीत तर ती वितळायला वेळ घेते आणि आकडा फसवा येतो.

उपकरण नवंकोरं आहे; थिले यांनी त्याचं वर्णन गेल्या वर्षीच, १९०७ मध्ये छापलं. परीक्षानळीला कपासारखा एक कान, एवढंच. आत तीव्र सल्फ्युरिक आम्ल. आच त्या कानाला द्यायची. तापलेलं आम्ल वर चढतं, गार खाली येतं, आणि सगळं आपोआप फिरत राहतं. ढवळायला नको. इतकी साधी युक्ती सुचायला १९०७ का उजाडावं लागलं, हे मला आजही कोडंच वाटतं.

थर्मामीटर आम्लात बुडवून काढा. त्या ओल्या काचेला कॅपिलरी आपोआप चिकटते. आम्ल तपकिरी झालंय? कुणाच्या तरी हातून काहीतरी आत पडलं असणार. सोऱ्याचा एक खडा टाका, निवळेल.

११५पर्यंत घाई चालते. त्यानंतर मिनिटाला एक-दोन अंश, अधिक नाही. बर्नर हातात धरा. पुढे न्या, मागे घ्या. १२५. १२८. पारा चढतोय आणि पूड ढिम्म आहे. १३०च्या पुढे ती काचेपासून जरा सुटते, आकसते, मग कडेला ओल दिसते. १३१.५ला पहिला थेंब. १३२.५ला शेवटचा कण नाहीसा. वहीत दोन्ही आकडे लिहा. नुसता एक लिहिणारा अर्धीच हकीकत सांगतो. शिवाय पाऱ्याचा बराचसा धागा आम्लाबाहेर गारव्यात राहिला, म्हणून सुमारे एक अंश मिळवा. आलं १३३.

"आता सांगा, काय आहे?"

तक्ता उघडता. युरिया, १३३. सिनॅमिक आम्ल, १३३.

सहायक हसतो आणि लेबल शाबूत असलेल्या दोन बाटल्या पुढे सरकवतो. तुम्ही तीन कॅपिलरी भरता: एकीत नुसती अनोळखी पूड, दुसरीत तीच युरियात खलून, तिसरीत सिनॅमिक आम्लात खलून. तिन्ही एकाच थर्मामीटरला चिकटवता आणि या वेळी आच पहिल्यापासूनच मंद ठेवता.

१३३ अजून लांब आहे, आणि तिसरी ढासळते. एकदम नाही, ओलसर होते, खचते, गढूळ पडून बराच वेळ रेंगाळत वितळते. परकी रेणुजात मिसळली की द्रवाला टिकून राहणं सोपं जातं, घनाला अवघड. म्हणून वितळणं लवकर सुरू होतं आणि लांबतंही. पहिली नि दुसरी मात्र शेजारी शेजारी तशाच कोरड्या. १३३ जवळ आल्यावर त्या दोघी बरोबरच पाणी होतात.

कुपीत युरिया होता.

थिले १९१८च्या एप्रिलमध्ये गेले. त्याच वर्षअखेरीस शहर फ्रान्सकडे गेलं. नळी मात्र आपल्या बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलपर्यंत येऊन पोचली. आत आता आम्लाऐवजी लिक्विड पॅराफिन असतं, आणि 'एमपी (वितळणबिंदू) आला का?' असं विचारत पोरं एकमेकांच्या जर्नलमध्ये डोकावतात. मिश्रणाची कॅपिलरी वेळ नाही म्हणून राहून जाते. पुढच्या प्रॅक्टिकलला ती भरा. दहा मिनिटंच जास्त लागतात.