इस्रायल-अरब वाद: भांडणाचं मूळ जमिनीच्या उताऱ्यात

हा वाद दोन हजार वर्षांचा आणि निव्वळ धर्माचा, असं आपल्याकडे कट्ट्यावर सर्रास सांगितलं जातं. जेरुसलेम दोघांनाही पवित्र, हे खरंच. पण आजचं भांडण जेमतेम दीडशे वर्षांचं आहे आणि त्याचं एक मूळ जमिनीच्या उताऱ्यात सापडतं.

पॅलेस्टाईन तेव्हा ऑटोमन तुर्कांकडे होतं. १८५८ च्या कायद्यानं जमिनीची नोंदणी सक्तीची झाली. नाव लागलं की कर आणि सैन्यभरती मागं लागेल, या भीतीनं अनेक शेतकरी नोंदणीपासून लांब राहिले. मोठमोठे पट्टे शहरी सावकार-व्यापाऱ्यांच्या नावावर चढले. कसणारा एक, कागदावर दुसरा!

१८८१ पासून रशियात ज्यूंवर हल्ले सुरू झाले, तसे तिकडचे ज्यू येऊन जमिनी घेऊ लागले. १८९७ मध्ये थिओडोर हर्झल यांनी बासेलला पहिली झायोनिस्ट परिषद भरवली. पुढं बैरूतच्या सुरसॉक घराण्यानं मार्ज इब्न आमीर खोऱ्यातली मोठी जमीन ज्यू संस्थांना विकली. खरेदीखत चोख, पैसे रोख. पण पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळं बाहेर पडली. विकत घेणाराही आपल्या जागी बरोबर आणि हुसकावलेलाही. गुंता इथंच आहे.

त्यात इंग्रजांनी तेल ओतलं. पहिल्या महायुद्धात अरबांना स्वातंत्र्याचं आश्वासन, १९१६ मध्ये फ्रान्सशी गुपचूप वाटणी, आणि २ नोव्हेंबर १९१७ ला बाल्फोर जाहीरनाम्यात ज्यूंना ‘राष्ट्रीय घर’. एकच माल तिघांना विकण्याचा हा प्रकार. (१९१८ मध्ये हैफा जिंकलं ते जोधपूर-म्हैसूरच्या घोडदळानं, हैदराबादचेही स्वार त्याच ब्रिगेडमध्ये होते.)

१९२२ च्या जनगणनेत साडेसात लाख लोकांत ज्यू सुमारे ८४ हजार होते. १९२९ मध्ये दंगली पेटल्या, एकट्या हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू मारले गेले. हिटलर आल्यावर युरोपातून लोंढा वाढला. १९३६ ला अरबांचं बंड झालं. १९३७ मध्ये पील आयोगानं फाळणी सुचवली. आयोग येतात, अहवाल देतात, प्रश्न तिथंच राहतो, हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

२९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांनी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी मंजूर केली. लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश असलेल्या ज्यूंना निम्म्याहून जास्त भूभाग मिळाला. त्यांच्या नेत्यांनी योजना मान्य केली, अरबांनी धुडकावली. भारतानं इराण आणि युगोस्लाव्हियासोबत एकच संघराज्य सुचवलं होतं. मतदानात भारत विरोधात गेला.

१४ मे १९४८ ला इस्रायलची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारी अरब राष्ट्रांच्या फौजा आत शिरल्या. १९४९ च्या शस्त्रसंधीपर्यंत सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. ते याला ‘नकबा’, म्हणजे महासंकट, म्हणतात. नंतरच्या वर्षांत अरब देशांतले लाखो ज्यूही घरदार सोडून इस्रायलला आले. आपल्या कोकणातले बेने इस्रायलही गेले, पण ते हुसकावल्यामुळं नव्हे, स्वखुशीनं.