स्वालबार्डचा रेनडियर

नॉर्वेच्या उत्तरेस, ध्रुवाच्या वाटेवर, स्वालबार्ड हा बर्फाळ द्वीपसमूह आहे. १५९६ सालीं डच दर्यावर्दी विलेम बारेंट्स तेथें पोहोंचला. त्यापूर्वीं हजारों वर्षें रेनडियर हें आखूड पायांचें, दाट केसांचें रानटी हरिण त्या बेटांवर नांदत होतें. पुढें देवमासे मारणारे आले. त्यांच्या मागोमाग रशियन व नॉर्वेजियन पारधी आले. बंदुकीपुढें कळपामागून कळप नाहींसे झाले. १९२५ सालीं नॉर्वेची सत्ता तेथें रीतसर सुरू झाली व रेनडियरच्या शिकारीस मनाई झाली. तेव्हां दूरदूरच्या कोपऱ्यांत मिळून जेमतेम हजारभर जनावरें उरलीं होतीं. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणें हीच संख्या सुमारें २२,००० भरते.

नुसती शिरगणती पाहणाऱ्यास कहाणी येथेंच सुफळ संपूर्ण झाली असें वाटेल. परंतु संख्या वाढते तसें वंशाचें भांडवल वाढत नाहीं. आईबापांकडून पिलास जीं जनुकें मिळतात, त्यांचे कित्येक प्रकार मारल्या गेलेल्या जनावरांबरोबरच नष्ट होतात. उरलेल्यांची संतति कितीहि वाढली, तरी ती उरलेल्या मुद्दलाचीच वांटणी करते. मुद्दल थोडें असलें कीं नात्यांतल्या नात्यांत संकर होतो, आणि एकच दोष आईकडून व बापाकडूनहि उतरण्याचा संभव वाढतो.

याची परीक्षा स्वालबार्डांतच झाली. १९७८ सालीं आडव्हेंट खोऱ्यांतून नेलेल्या १२ रेनडियरांनीं पश्चिमेकडील ब्रोग्गर द्वीपकल्पावर नवी वसाहत केली. इतर कांहीं ओसाड भागांत हरणें आपल्या पायांनीं परतलीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत बेटांवरील १०० रेनडियरांचा संपूर्ण जनुकसंच तपासला गेला. माणसानें नेऊन वसविलेल्या कळपांचें आनुवंशिक वैविध्य मूळ कळपाहून थोडेंच कमी भरलें. उलट, बाहेरची भर न पडतां आपण होऊन वसलेल्या कळपांत तें पुष्कळच घटलेलें आढळलें. तेथें मुक्कामामागून मुक्काम करीत मूठभर जनावरांनींच वंश थाटला असावा, आणि प्रत्येक मुक्कामीं थोडें मुद्दल मागें राहिलें असावें.

यावर निसर्गाचा उपाय एकच : कळपांची येजा. स्वालबार्डांत ती गोठलेल्या समुद्रावरून होते, आणि तो बर्फ आतां घटत चालला आहे. १९२५ च्या कायद्यानें बंदूक थोपविली; ही वाट मोकळी ठेवणें मात्र कोणत्याहि एका राष्ट्राच्या कायद्याच्या हातीं उरलेलें नाहीं.