जनाबाई 'संत', मुक्ता 'विद्यार्थिनी'. मग विचारवंत कोण?

समतेचा विषय निघाला की तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात रूसो, कांट, मिल येतात. ते वाचलेच पाहिजेत. पण दळण दळणाऱ्या बाईने तोच प्रश्न मांडला की त्याला फक्त 'भक्ती' म्हणायचे आणि मातंग मुलीने मांडला की फक्त 'शाळेतला निबंध', ही वर्गवारी कोणी केली?

सुरुवात आपल्याच परभणी जिल्ह्यातून करू. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी होती. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळतो, झाडतो, शेण्या वेचतो. कीर्तनकार हा चमत्कार म्हणून सांगतात. त्यातला युक्तिवाद मात्र सांगत नाहीत. वर्णव्यवस्थेने कष्टाला हलके ठरवले आणि कष्टकऱ्यालाही. ते काम देवच करत असेल, तर हलके कोण?

चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई आणखी थेट बोलते. विटाळ देहासोबतच जन्मतो, तर विटाळाशिवाय जन्मलेला देह दाखवा, असा तिचा सवाल आहे. शुद्धाशुद्धतेचा नियम सगळ्यांना लावला की तो आपोआप कोसळतो, हे तिने दाखवून दिले.

यावर आपल्यातलेच काहीजण म्हणतील, वारकरी संत आपल्याला कशाला हवेत? आक्षेप वजनदार आहे. संतांनी माणसे देवापुढे समान मानली, जातिव्यवस्थेविरुद्ध लढा उभारला नाही, हे बाबासाहेबांनी गांधींना दिलेल्या उत्तरात स्पष्ट सांगितले. जनाबाईलाही ते लागू पडते. देव जाते ओढतो, जनी मात्र दासीच राहते. पण त्याच बाबासाहेबांनी 1948 मध्ये 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. मर्यादा दाखवायची, पण वारसा दुसऱ्यांच्या हाती सोडायचा नाही, ही खरी चिकित्सा.

जनाबाई जिथे थांबते, त्याच्या पुढे मुक्ता साळवे जाते. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, वय अवघे 14. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये 1855 साली फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत छापून आला. मिलचे 'ऑन लिबर्टी' 1859 चे, जोतीरावांची 'गुलामगिरी' 1873 ची. मुक्ता विचारते, वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता? एकानेच भोगावे आणि बाकीच्यांनी वंचित राहावे असा धर्म पृथ्वीवरून नष्ट व्हावा, अशी तिची मागणी आहे. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांचे हाल ती मांडते आणि त्या अनुभवावरून धर्माची वैधता तपासते. ज्या व्यवस्थेत माझा वाटा नाही, ती माझ्यावर बंधनकारक कशी? राजकीय तत्त्वज्ञानाचा हा मूळ प्रश्न आहे.

आणखी एक. मुक्ताने मांग आणि महार यांचे दुःख एकाच शीर्षकात मांडले. आपण मात्र आज महापुरुषही जातवार वाटून घेतले आहेत.

म्हणून तरुण मित्रांनो, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची वाट पाहू नका. मुक्ताचा निबंध छोटा आहे. येत्या जयंतीच्या व्याख्यानमालेत, विहारात, अभ्यासिकेत तो मोठ्याने वाचा, त्यावर वाद घाला. फोटोला हार घालणे सोपे असते. विचारवंत वाचावा लागतो.

जयभीम!