हाताचं काम कोणाच्या मुलांनी शिकायचं?

आजचा विषय आहे शाळा आणि रोजगार. माध्यमिक शाळेतल्या मुलांना कामाच्या जगासाठी तयार कसं करायचं, हा प्रश्न आपल्याकडे कधीपासून विचारला जातोय आणि त्याची कोणती उत्तरं देऊन झाली, ते आज पाहू. यंत्रं इतकी हुशार झाली, आता पोरांनी शिकायचं तरी काय, ही चर्चा हल्ली घराघरात चालते. प्रश्न नवा वाटतो खरा, पण सरकारी कागदांमध्ये तो 1882 पासून आहेच.

1882 मध्ये ब्रिटिश सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. महात्मा जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही त्यातली मागणी आपल्याला माहीत असते. पण त्याच निवेदनात त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मॅट्रिकच्या परीक्षेने शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही पुरतं गुंतवून टाकलंय. दोन, या शिक्षणातून कारकून आणि मास्तर तयार होतात, स्वतंत्रपणे जगायला उपयोगी पडेल असं त्यात काही नाही. प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीची आणि आरोग्याची तोंडओळख हवी, असं ते म्हणतात. हे ते मागतात ते बहुजनांच्या सगळ्या मुलांसाठी, आणि ज्ञानाच्या जोडीने. ज्ञानाच्या ऐवजी नाही. हा फरक शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

हंटर आयोगाने शिफारस केली ती वेगळी. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन फाटे करा: एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे जाणारा आणि दुसरा व्यापार-उदीम वगैरे व्यावहारिक कामांकडे जाणारा. कागदावर योजना चांगली होती. पण दुसऱ्या फाट्याला फारशी मुलं गेलीच नाहीत. का? पालकांना श्रमाची लाज वाटते, असं उत्तर लगेच दिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. मॅट्रिक झालं की कॉलेजचं दार उघडायचं, सरकारी नोकरीची आशा असायची. दुसऱ्या वाटेच्या टोकाला काय आहे, ते कोणी सांगू शकत नव्हतं. पालकांनी हिशेब केला, आणि तो चुकीचा नव्हता.

यानंतरच्या प्रत्येक योजनेला आपण एकच प्रश्न विचारू या. हे शिक्षण सगळ्यांसाठी आहे, की 'बाकीच्यांसाठी'?

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा आराखडा केला. सात ते चौदा वयाच्या सगळ्या मुलांना मातृभाषेतून शिक्षण, आणि मध्यभागी एक हस्तोद्योग. सूत कातताना गणित, शेतात काम करताना विज्ञान. विचार सगळ्यांसाठीच होता. प्रत्यक्षात ती राहिली मुख्यतः खेड्यातल्या प्राथमिक शाळांची योजना. शहरातल्या नावाजलेल्या शाळांनी टकळी हातात घेतली नाही. साहेब होणारा मुलगा इंग्रजी शिकणार आणि खेड्यातला मुलगा सूत कातणार, असं चित्र दिसलं की खेड्यातला बापही म्हणणार, माझ्या पोराला इंग्रजीच शिकवा.

आणि ही शंका वावगी नव्हती. 1953 मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळांसाठी योजना आणली: निम्मा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरी आईबापांचा धंदा शिकायचा. म्हणजे न्हाव्याच्या मुलाने कात्री धरायची, कुंभाराच्या मुलाने चाक. हे जातीचंच शिक्षण आहे, असं म्हणत लोक रस्त्यावर आले. 1954 मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी योजना गुंडाळली. आपल्याकडे व्यवसाय शिक्षणाबद्दल बोलताना हा इतिहास विसरून चालत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातानेच काम झालं, त्यांना शाळेकडून हवं होतं ते दुसरं काहीतरी.

मग काम आणि शाळा एकत्र नांदलीच नाहीत का? नांदली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत मुलं शेतात राबली, विहिरी खणल्या, स्वयंपाक केला. पण 'कमवा आणि शिका' यात कमाई होती ती शिकण्यासाठी. 1940 मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं, ते मोफत आणि निवासी. सगळ्या जातींची मुलं एकाच वसतिगृहात राहायची, एकाच पंगतीत जेवायची, एकच काम करायची, आणि पुढचं कोणतंही दार त्यांना बंद नव्हतं. इथे कामाला कमीपणा चिकटला नाही, कारण काम सगळ्यांच्या वाट्याला होतं.

आता स्वातंत्र्यानंतरचा काळ. 1964 ते 66 या कोठारी आयोगाने दोन गोष्टी सुचवल्या. सगळ्यांसाठी कार्यानुभव, आणि उच्च माध्यमिकला मोठ्या प्रमाणावर व्यवसाय शिक्षण. आपले जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. महाराष्ट्रात दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा 1975 मध्ये झाली आणि नव्या आकृतिबंधात कार्यानुभवाचा तास आला. तुमच्यापैकी अनेकांना तो आठवत असेल: खडू, मेणबत्त्या, कागदी फुलं. परीक्षा जवळ आली की तोच तास गणिताला जायचा. ज्याचे मार्क टक्केवारीत धरत नाहीत, त्याचं शाळेत काय होतं ते बघा.

1986 च्या राष्ट्रीय धोरणाने लक्ष्य ठेवलं की 1990 पर्यंत उच्च माध्यमिकचे 10 टक्के आणि 1995 पर्यंत 25 टक्के विद्यार्थी व्यवसाय शाखेत जातील. ते गाठलं गेलं नाही, मुदती पुढे ढकलाव्या लागल्या. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला एमसीव्हीसी आलं, म्हणजे 'किमान कौशल्यावर आधारित' अभ्यासक्रम. नावातच 'किमान' आहे! दहावीला मार्क कमी पडले की तिकडे जा, असंच लोकांनी ते वाचलं.

पण मुलांना कौशल्य नकोच होतं, असंही नाही. त्याच काळात गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूट भरलेल्या होत्या. दहावी-बारावीची मुलंमुली पदरचे पैसे भरून मराठी 30, इंग्रजी 40 ची परीक्षा द्यायची, कारण त्या प्रमाणपत्रामागे ऑफिसची नोकरी दिसत होती. पुढे टाइपरायटरच गेला. मुंबईत 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले हजारो परत आत गेलेच नाहीत. आयुष्यभर एक साचा सांभाळलेल्या माणसाने चाळिशीत कुठे जायचं? एकाच यंत्राला बांधलेलं कौशल्य त्या यंत्राबरोबर मरतं. म्हणून चौदाव्या वर्षी मुलाला एका धंद्यात पक्कं करणं ही तयारी नव्हेच.

मग तयारी म्हणायची कशाला? पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रातला हा शास्त्रज्ञ दुष्काळी गावात जाऊन राहिला. त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करतात, आणि एक नाही तर चार प्रकारचं: वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, घर-आरोग्य. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा रक्तगट तपासायला शिकतो. गावाला लागणारी कामं मुलं खरोखर करून देतात. महत्त्वाचं म्हणजे हा विषय बोर्डाने मान्य केला, त्याचे मार्क धरले जातात. पुढे एमआयटीच्या बाहेर अगदी सुरुवातीला ज्या फॅब लॅब निघाल्या, त्यातली एक पाबळला आली. म्हणजे वेल्डिंगपासून संगणकाने चालणाऱ्या यंत्रापर्यंतचा पल्ला त्याच आवारात गाठला गेला. शिकवायचं असतं ते हेच: एखादी वस्तू कशी चालते ते उघडून बघायचं, मोजायचं, चुकलं तर पुन्हा करायचं. ही सवय यंत्र बदललं तरी जात नाही.

2020 चं राष्ट्रीय धोरण आता सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना म्हणतंय, सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जायला सांगतंय. व्यवसाय शिक्षणाला कमी लेखलं गेलं, हेही ते मान्य करतं. चांगलंच आहे. पण 1882 पासूनचा प्रश्न तिथेही विचारावा लागेल. हे दहा दिवस शहरातल्या महागड्या शाळेत सहल होणार आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलाचं भवितव्य ठरवणार, असं झालं तर आपण पुन्हा हंटरच्या दुसऱ्या फाट्यावरच उभे आहोत.

म्हणून उद्या तुमच्या शाळेत कौशल्याचा एखादा नवा विषय आला, तर पालकसभेत तीनच गोष्टी विचारा. सगळी मुलं तो शिकणार आहेत का? त्याचे मार्क धरणार आहेत का? आणि तो घेतल्यावर पुढचं कुठलं दार बंद तर होत नाही ना? फुल्यांनी ज्ञान आणि काम दोन्ही मागितलं होतं, एकाच मुलासाठी. ती मागणी अजून पुरी व्हायची आहे. इथे थांबतो, आता प्रश्न घेऊ.